जाळं न टाकणारा कोळी

ऐरोलीच्या खाडीवर कोळी जाळं टाकतात, त्यात नवल नाही. तिथून उलट्या दिशेला, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून दिघ्याच्या डोंगराकडे चढायला लागलं, की दुसराच एक कोळी भेटतो. आठ पायांचा, मातकट रंगाचा आणि जाळ्याच्या भानगडीत न पडणारा. कोकणात कोळ्याला कातीणही म्हणतात, म्हणजे सूत कातणारी. हा त्या नावालाही फारसा जागत नाही. शिकार पळत जाऊन धरायची, हा त्याचा खाक्या. म्हणून इंग्रजीत त्याला ‘वुल्फ स्पायडर’ म्हणतात आणि आपल्याकडे हौशी लोकांनी त्याचा सरळ लांडगा कोळी केला आहे.

दिघ्याचं नाव काढलं की लोकांना एमआयडीसीच्या शेड, कंटेनरांची रांग आणि १२ जानेवारी २०२४ला सुरू झालेलं ‘दिघा गाव’ स्टेशन आठवतं. पण या गावाची रचना मजेदार आहे. एका अंगाला खाडी, मध्ये रूळ आणि रस्ता, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत इलठाणपाड्याच्या वर रेल्वेचं जुनं धरण. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात रेल्वेला पाणी लागे, तेव्हाचं हे धरण. वस्ती अगदी त्याच्या पायथ्यापर्यंत येऊन भिडली आहे, तरी वरच्या बाजूला गवत, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यात झिरपणारे कातळ शिल्लक आहेत. लांडगा कोळ्याला याहून जास्त काही लागत नाही.

तो बघायचा तर पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी, रात्री नऊ-साडेनऊला जावं. विजेरी हातात खाली धरली तर काही दिसणार नाही. ती डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाला टेकवून धरायची आणि झोत गवतावरून सावकाश फिरवायचा. आधी दवाचे थेंब चमकतात. पांढरे, भरपूर, आणि आपण मान हलवली की विझणारे. त्यांच्यात एखादा ठिपका हिरवट-निळसर असतो, तो विझत नाही. त्याच्यावर नजर ठेवून दहा-बारा पावलं चालत गेलं, की ठिपक्याच्या मागे कोळी बसलेला सापडतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी एका हातभर जागेत सात मोजले आणि उगाचच पाय जपून टाकायला लागलो.

ही चमक त्याच्या डोळ्यांच्या मागच्या आरशाची. मांजराच्या डोळ्यांत असतो तसाच परावर्तक थर इथेही आहे. अंधुक उजेड एकदा पडद्यातून गेला की तो परत उलटा पाठवायचा, म्हणजे तेवढ्याच उजेडात दुप्पट काम. कोळ्याला डोळे आठ, पण या कुळात त्यांची मांडणी ठरलेली आहे. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर समोर रोखलेले दोन मोठे डोळे, आणि डोक्याच्या माथ्यावर आणखी दोन. भिंग घेऊन चेहरा पाहिला, की ओळख पटायला दुसरं काही लागत नाही. कुळाचं शास्त्रीय नाव लायकोसिडी, ग्रीक भाषेतल्या लांडग्यावरून आलेलं. जगभरात याच्या सुमारे २,४०० जाती आहेत. भारतातल्या जातींचं मोठं काम टिकादर आणि मल्होत्रा यांनी केलं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने काढलेला त्यांचा ग्रंथ १९८०चा. कोळ्यांच्या मागे लागलेला माणूस आजही आधी त्याचीच पानं उलटतो.

नाव मात्र फसवं आहे. लांडगे कळपाने शिकार करतात, हा एकांडा. बहुतेक वेळ तो नुसता दबा धरून बसतो आणि पायांवरच्या केसांना जमिनीची थरथर कळली की झेपावतो. पकडलेला किडा तो चावून गिळत नाही. विष टोचायचं, मग पाचकरस सोडायचे आणि पातळ झालेलं शोषून घ्यायचं. मागे उरते ती चुरगळलेली गोळी. आणि तो जाळं विणत नाही हे विधानही अर्धंच खरं. याच कुळातले हिप्पासा नावाचे कोळी गवतात चादरीसारखं जाळं पसरतात आणि त्याच्या एका कडेला नरसाळ्यासारखं भोक ठेवतात. ऑक्टोबरच्या सकाळी दिघ्यातल्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर दवाने भिजलेले पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसतात, ते हेच. त्या जाळ्याला चिकटपणा नसतो. कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी बसलेला असतो आणि चादर हलली की धावत सुटतो. म्हणजे जाळं असूनही पळायची खोड गेलेली नाही.

याच कुळाने जगाला ‘टॅरंटुला’ हा शब्द दिला. इटलीतल्या टारांटो गावाजवळच्या लांडगा कोळ्याला ते नाव होतं. तो चावला की माणसाने घाम फुटेस्तोवर नाचायचं, तरच विष उतरतं अशी समजूत होती. पुढे ते नाव अमेरिकेतल्या केसाळ, धिप्पाड कोळ्यांनी पळवलं. खरं तर लांडगा कोळी माणसाच्या वाटेला जात नाही, आणि चुकून चावलाच तर थोडी आग, थोडी सूज, इतकंच. आपल्याकडची समजूत वेगळी. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर पट्ट्यासारखे फोड आले की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘कोळी मुतला’. बहुतेक वेळा यात कोळ्याचा हात नसतो. ट्यूबलाइटकडे येणारा पीडेरस नावाचा एक बारीक, काळा-नारिंगी भुंगेरा झोपेत अंगावर चिरडला जातो आणि त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. आळ येतो तो छतावरच्या कोळ्यावर, कारण तो दिसतो.

आता भाताकडे येऊ. कारखाने येण्याआधी या पट्ट्यात आगरी आणि कोळी कुटुंबांची खाचरं होती, खाडीच्या बाजूला मिठागरं. नवी मुंबईतली खाचरं आता जवळपास संपली, पण कर्जत, पेण, अलिबागकडे ती आहेत, आणि त्यांत लांडगा कोळ्याची सगळ्यात मोठी कामगिरी चालते. पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा ही जात भारतापासून जपानपर्यंत भातखाचरांत राहते. अंगाने सेंटिमीटरभर, पाठीवर काट्याच्या आकाराची फिकट खूण. लावणी झाली, खाचरात पाणी साठलं की ती बांधावरून आत उतरते. पाण्यावरून पळते, गरज पडली तर रोपाच्या बुंध्याला धरून पाण्याखालीही जाते. तिचं आवडतं खाणं म्हणजे तुडतुडे.

तपकिरी तुडतुडा हा भाताचा जुना वैरी. चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर तो शेकड्याने बसतो आणि रस ओढतो. वरून शेत हिरवंगार दिसतं, आणि मग एके दिवशी मध्येच गोल चकत्या पिवळ्या पडतात, करपतात, भाजल्यासारख्या होतात. १९७३-७४मध्ये केरळच्या कुट्टनाडमध्ये याने हाहाकार केला होता. लांडगा कोळी नेमका त्याच बुडाशी फिरत असतो. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी केलेल्या पुस्तिकेत हिशेब दिला आहे, तो असा: एक कोळी दिवसाला ५ ते १५ किडे खातो, मादी तीन-चार महिने जगते आणि तेवढ्यात २०० ते ४०० अंडी घालते.

शेतकऱ्याने फवारणी केली तर तुडतुडे मरायला हवेत. घडतं उलटं, आणि त्याचं कारण तुडतुड्याच्या अंडी घालण्याच्या पद्धतीत आहे. मादी पानाच्या देठाकडच्या आवरणात चीर पाडून अंडी आत ठेवते. फवारा बाहेरच्या सगळ्यांना लागतो: मोठे तुडतुडे, पिल्लं, आणि कोळी. अंडी मात्र आत सुखरूप. आठवड्या-दहा दिवसांनी ती फुटतात तेव्हा शेतात त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. मग दुसरी फवारणी, मग तिसरी, आणि दर खेपेला तुडतुडे आधीपेक्षा जास्त. इंडोनेशियात हे इतक्या थराला गेलं, की १९८६मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरावर एका फटक्यात बंदी घातली. त्यामागे अभ्यास होता तो हाच, की औषध कमी केलं तर कोळी आणि त्याचे भाऊबंद बरंचसं काम फुकट करतात.

आपल्याकडे आणखी एक बारकावा आहे. कोकणात रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण पसरून एप्रिल-मे महिन्यात जमीन जाळायची. त्या आगीतून जमिनीवरचं बारीकसारीक सगळं जातं. पण राब शेताच्या एका कोपऱ्यात असतो, बांध मात्र तसेच गवताळ राहतात. उन्हाळाभर कोळी तिथे तग धरतात आणि पाऊस पडला की खाचरात उतरतात. बांध तासून लख्ख करायची, त्यावर तणनाशक मारायची पद्धत अलीकडे रुजली आहे. शेत नीटनेटकं दिसतं खरं. पण मला ते पाहिलं की पागडी भरून नव्याने घेतलेल्या, सामान नसलेल्या घरासारखं वाटतं, ज्यात कोणी राहायला येणार नाही.

जगातल्या सगळ्या कोळ्यांचा एकत्र हिशेब २०१७मध्ये प्रसिद्ध झाला होता. वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य ते फस्त करतात असा तो अंदाज आहे. आकडा मोठा आहे, पण मला त्यातून फारसं काही दिसत नाही. एका चुडाच्या बुडाशी बसलेला एक कोळी जास्त दिसतो.

शिकाऱ्याचं हे कौतुक पुरे. लांडगा कोळी ज्यामुळे माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट निराळी आहे. तो जितका मोठा शिकारी, तितकाच मोठा यजमान आहे, आणि त्याच्याकडे येणारे पाहुणे जेवून परत जात नाहीत, यजमानालाच जेवतात. या सगळ्याची सुरुवात त्याच्या, खरं तर तिच्या, आईपणातून होते.

मादी अंडी रेशमात गुंडाळते आणि ती वाटोळी पिशवी पोटाच्या टोकाला, सूत सोडणाऱ्या नळ्यांना चिकटवून घेते. मग पिशवी घेऊनच ती फिरते, पळते, शिकार करते. रानात टोपली कमरेला बांधून करवंदं काढणाऱ्या बाईची आठवण होते. फ्रेंच निरीक्षक फाब्र यांनी तिची पिशवी काढून तेवढ्याच आकाराची बुचाची गोळी पुढे ठेवली, तर तिने ती आपली म्हणून उचलली. त्यांनी हेही पाहिलं होतं, की बिळात राहणारी त्यांच्याकडची लायकोसा सकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवी उन्हाकडे करते आणि सावकाश फिरवत राहते, सगळ्या बाजूंनी शेक लागावा म्हणून. पिल्लं तयार झाली की पिशवीची शिवण ती स्वतः दातांनी उसवते. ती मेली तर पिल्लं बहुतेक आतच अडकतात. बाहेर पडलेली सगळी पिल्लं तिच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात, एकावर एक, तीन-तीन थर. त्यांना घट्ट धरता यावं म्हणून तिच्या पाठीवर गाठीदार टोकांचे खास केस असतात, हे १९७३मध्ये कळलं. साधारण आठवडाभर ती काही खात नाहीत, नुसती बसून असतात. विजेरीचा झोत अशा मादीवर पडला, की पाठीवरचे शेकडो डोळे एकदम चमकतात आणि चिमूटभर अभ्रक सांडल्यासारखं दिसतं.

मग एका दिवशी ती उतरतात, गवताच्या शेंड्यावर चढतात, पोट वर करून सुताचा धागा हवेत सोडतात आणि उडून जातात. डार्विन बीगल जहाजावर होता तेव्हा किनाऱ्यापासून साठ मैलांवर दोरखंडांवर असे असंख्य उडते कोळी येऊन उतरले होते. लांडगा कोळ्यांनाच ही युक्ती येते असं नाही, पण त्यांची पिल्लंही हाच मार्ग धरतात. दिघ्याच्या डोंगरावरून सुटलेलं पिल्लू खाडीपलीकडे उतरायला काहीच हरकत नाही.

या आईवर पहिली धाड घालते ती कोळीमार गांधीलमाशी. पंख सतत फडफडवत, मिशा जमिनीला टेकवत ती पायी फिरते, दगडाखाली, बिळात शिरते. कोळी आणि ती समोरासमोर आले की पळतो तो बहुधा कोळी, इतका धाक. तिची नांगी त्याच्या पायांच्या खोबणीजवळ, मज्जातंतूंची गाठ असते तिथे बसते. कोळी मरत नाही, लुळा पडतो. मग ती त्याला पाय धरून उलटी ओढत नेते. धरणाच्या वाटेवर मी एकदा ही मिरवणूक पाहिली. माशी मध्येच ओझं टाकून पुढे जाई, बीळ कुठे आहे ते बघून येई, पुन्हा ओढू लागे. तेवढ्यात मुंग्यांनी कोळ्याला हेरलं. तिने परत येऊन त्यांना झटकलं आणि ओझं गवताच्या काडीवर चढवून ठेवलं. पुढे काय झालं ते पाहायला मी थांबू शकलो नाही, ऑफिसची लोकल होती. बिळात नेल्यावर त्या कोळ्यावर ती एकच अंडं घालते. आणि तिथेही हिशेब आहे: मोठा कोळी मिळाला तर त्यावर मादी होणारं अंडं, लहान मिळाला तर नर होणारं. अळी बाहेर आली की ताजं मांस तयार असतं, कारण ते जिवंत असतं.

घरांच्या भिंतींवर चिखलाची मडकी लिंपणारी कुंभारीण वेगळी, पण तिच्यातल्या एका गटाचा धंदा हाच. त्यांचं एखादं जुनं मडकं फोडून पाहा. आत बारीक कोळी खचाखच भरलेले सापडतील.

दुसरा पाहुणा त्याहून बेरकी. मँटिस्पिड नावाचा हा कीटक दिसायला विचित्र, पुढून प्रार्थना कीटकासारखा, मागून पारदर्शक पंखांचा. मादी अंडी पानांवर घालून निघून जाते. त्यातून निघालेली अळी मिलिमीटरभर लांब. तिला पाहिजे असतो कोळी. तो जवळून गेला की ती त्याच्या अंगावर चढते आणि कंबरेच्या बारीक जागी किंवा पोटाखालच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या रचलेल्या फुप्फुसांजवळ जाऊन बसते. तिथून ती थोडं थोडं रक्त पीत राहते, फक्त तगण्यापुरतं. बसायला नर कोळी मिळाला तर? मग ती मिलनाच्या वेळी मादीवर जाते, किंवा मादीने नराला खाल्लं तर तेव्हा. मादी पिशवी विणायला लागली, की विणकाम संपण्याआधी अळी आत सरकते. आई आपल्या हाताने शेवटचा टाका घालते आणि अळीला आत बंद करून घेते. मग अळी एकेक अंडं टोचून पिते. तिच्या अंगातून असं द्रव्य पाझरतं, ज्याने बाकीच्या अंड्यांची वाढ थांबते, म्हणजे ती पिल्लं होऊन पळून जाण्याआधी तिला सावकाश जेवता येतं. आई बाहेर पिशवी जपत असते, तिच्यासाठी पळत असते, तिच्याकडे येणाऱ्याला हुसकावत असते. शत्रूची सगळी राखणदारी तिच्याकडून फुकट होते.

आणखीही आहेत. बारीक डोक्याच्या, कुबड्या माश्यांची अळी कोळ्याच्या पोटात शिरून फुप्फुसापाशी महिनोन्‌महिने दबून राहते आणि मग थोड्या दिवसांत आतून पोखरून बाहेर पडते. मुंगीएवढ्या गांधीलमाश्या पिशवीतच अंडी सोडतात. मर्मिथिड कुळातले सुतासारखे जंत कोळ्याच्या पोटात वेटोळं करून वाढतात, त्याच्याहून कितीतरी लांब होतात, आणि बाहेर पडायची वेळ आली की कोळी पाण्याकडे ओढला जातो. पावसात तळ्याच्या काठी भिजलेला, मलूल कोळी दिसला तर तो नुसता थकलेला असेलच असं नाही. शिवाय हे सगळे नुसते आतले. बाहेरून पाल, चिचुंद्री, बेडूक, भारद्वाज, दयाळ आहेतच.

हे वाचून कोणाला लांडगा कोळ्याची कीव येईल. मला येत नाही. एखाद्या जिवावर इतक्या जणांचं पोट चालतं, म्हणजे तो तिथे मुबलक आहे, भरवशाचा आहे. शहराच्या कडेला एखाद्या गवताळ पट्टीचं काय चाललं आहे हे पाहायचं असेल, तर मी वाघ-बिबट्याऐवजी कोळीमार गांधीलमाशी शोधतो. ती असेल तर तिच्याखाली कोळी असणार, त्यांच्याखाली तुडतुडे, नाकतोडे, माश्या असणार, आणि त्यांच्याखाली गवत. गेल्या काही वर्षांत ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली गेली आणि तिला २६/११च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव देण्यात आलं. २०२१मध्ये ती बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना नवल वाटलं, की नवी जात सापडायला सिमेंटच्या जंगलात यावं लागलं.

गेल्या शनिवारी पुन्हा धरणाच्या वाटेवर गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, खाली एका कारखान्याचा भोंगा वाजला. दगडाच्या कडेला एक मादी होती, पोटाला पिशवी लटकलेली, निळसर राखाडी, वाटाण्याच्या निम्म्याहून लहान. मी गुडघ्यावर बसून विजेरी जवळ नेली. पिशवी गोल होती, मध्ये शिवणीची फिकट रेघ, कुठे डाग नाही, भोक नाही. तिच्यात पिल्लं होती की ती दुसरी कोणी, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तिलाही नव्हता. तिने मागचे दोन पाय पिशवीवर टाकले, वळली, आणि तिच्या डोळ्यांतला हिरवा ठिपका गवतात दिसेनासा झाला.